सातचा दिवा

मंगळवार, नोव्हेंबर. कुकर लावलाय, तोवर लिहून टाकते.

या घरात देवापुढं दिवा संध्याकाळी सहाला लागतो. माझी शिस्त. शिकागोत नात सई शाळेला निघण्याआधी व्हिडिओ कॉल करते. इथं मी काडी ओढते, तिथं ती हात जोडते. पण रविवारी हिवाळ्यासाठी तिकडची घड्याळं तासभर मागं गेली. तिची वेळ तीच, आमच्याकडं मात्र तेव्हा सात.

काल मी सहालाच लावला. सातला फोन आला, तर पोरगी ज्योतीकडं बघतच राहिली.

"आजी, माझ्याशिवाय लावलास?"

"दिवा तुमच्या घड्याळावर लागत नाही," मी म्हटलं. बरोबरच बोलले ना? मग ते एवढंसं झालेलं तोंड आज दिवसभर डोळ्यांपुढं का?

आज सहाला काडेपेटी उचलली. परत ठेवली. हे खुर्चीतून ओरडले, "अगं, तेल संपलं काय? अंधार पडला की!"

"बसा गप. अंधारानं काही होत नाही."

"व्हय? आणि मी पाच मिनिटं उशिरा आलो तर घर डोक्यावर घेतीस!"

काडेपेटी हातात घेऊन देवापुढं बसून राहिले. सातला फोन वाजला.

"आजी, दिवा कुठाय?"

"उशीर झाला गं मला आज."

मागून हे हसले. सई मात्र गंभीरपणे म्हणाली, "असू दे आजी. लाव आता."

उशीर मी आजवर कुणाचा असू दिला नाही. तिनं माझा किती सहज असू दिला!

उद्याही मला उशीर होणार आहे.