पुरानं धुतलेली खाडी

२२ जुलै २०१३, पौर्णिमा
वैशाली, लिही. माझ्या 'नाय'चं 'नाही' करतेस ते कर, पदरचं शहाणपण घालू नको.

पहाटे सपान पडलं. खाडी घरात आली. उंबऱ्यावर चपला काढून यावी तशी, आवाज न करता. मागोमाग निवट्या. चिखलात राहणारा मासा तो, डोळे टाळूवर. सगळ्या भिंतीला चिकटून माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, "काय गं, जेवलात का?"

नातसून म्हणते हे काय लिहायचं. लिही.

वैशालीची लेक, माझी पणती, अजून बिननावाची. मी तिला निवटी म्हणते. डोळे तसेच, वर.

२५ जुलै
पाऊस आणि उधाण एकदम. पायरीपर्यंत पाणी. असा पाऊस पूर्वी कधीमधी यायचा, आता दरवर्षी मुक्कामाला. बंद कारखान्याच्या अंगानं काळं पाणी आलं. कारखान्याला कुलूप लागून जमाना झाला.

वैशालीचं दूध पुरेना. निवटी रडते.

२७ जुलै
पाणी ओसरलं. सासू सांगायची, पुरानं खाडी धुतली की त्या निवट्या बाळंतिणीला द्याव्या. नातू महेश उलव्याच्या बांधकामावरून येताना खाडीत उतरला, डबाभर घेऊन आला. हळद, लसूण, तिखट नावाला. वैशाली दोन वाट्या रस्सा प्यायली, वर तिसरी मागितली तर पातेलं रिकामं. नाक मुरडत होती आधी!

३० जुलै
दूध उतरलं. निवटी पिऊन पिऊन झिंगते. माझी मान ताठ.

३ ऑगस्ट
धक्क्यावर कॉलेजची एक बाई, पायात गमबूट, बाटल्यांत गाळ भरत होती.
"बाय, चिखल विकत नेतेस का? आमच्याकडं फुकट हाय."
हसली. मग बोलली ते हसण्यासारखं नव्हतं. कारखान्यानं सोडलेलं जुनं विष गाळात खाली दबलंय. ते कुजत नाही, विरत नाही. आता हवाच बदलली, पूर मोठे, उधाण वर चढतं. तळ ढवळतो, दबलेलं वर येतं, लांब पसरतं. माशाच्या चरबीत बसतं.
"म्हणजे घरजावईच झालं," मी म्हटलं.
"हो आजी. आणि आईच्या दुधात उतरतं."
माझ्या तोंडून पुरानंतरच्या निवट्यांची गोष्ट निघाली. ती म्हणाली, "पुरानंतरच तर जास्त भीती."

इथं वैशालीचा पेन थांबला. "आजी, म्हणजे माझ्या दुधात..."
"आधी वाक्य पुरं कर," मी म्हटलं.

४ ऑगस्ट
बाईला घरी बोलावलं. चहा घेतला तिनं. म्हणाली, दूध अजिबात तोडू नका, बाळाला तेच चांगलं. निवट्या बंद. डब्यातल्या पाण्यात जिवंत राहिलेल्या चार बाटलीत घालून नेल्या, तपासून सांगते म्हणाली.
वैशाली माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं.

६ ऑगस्ट, अवस
सपान. खाडीच्या तळाशी कारखाना चालू. आत निवट्या कामाला, एकीच्या हाती माझं पातेलं. मी म्हटलं, ते माझं आहे. ती म्हणाली, ढवळतेय नुसतं.

११ ऑगस्ट
बाईचा निरोप नाही. डाळ, मेथी, अळिवाची खीर. वैशाली म्हणते, "आजी, करंजा बंदरातल्या होड्या सुटल्या की तिकडची मासळी आणू, खोल पाण्यातली." पाण्याला कुंपण असतं का गं? हे मी मनात म्हटलं. तरी लिही.

२० ऑगस्ट, नारळी पुनव
नारळ दिला खाडीला. दरवर्षी मागणं होड्यांचं असतं, आज निवटीचं मागितलं. दोन वाट्या प्यायलीय तिची आई, तेवढं पोटात घाल म्हटलं.

भरती वळली तर नारळ पायरीशी परत. तोच, माझं कुंकू लागलेला.
वैशाली म्हणाली, "वाटणात घालू?"
"थांब जरा."

बाईचा निरोप अजून नाही. निवटी दूध पितेय, गट् गट्. मी नारळ मांडीवर घेऊन बसलेय. हलवला की आत पाणी वाजतं.