आईंनी बटण बंद केलं तरी चालणारं मशीन

८ मार्च ९९, सावेडी
प्रबंधाचं तिसरं प्रकरण गेलं. हॉलमधल्या मशीनवर टाईप केलं, थेट फ्लॉपीतच ठेवलं, ती आत माझ्या मशीनला लावली, तर वाचताच येईना. परत हॉलमध्ये नेली तर तिथेही मेलेली. राहुरीला गाईड सरांना काय सांगू? फ्लॉपीने खाल्लं?
विजय म्हणतो, "तिसरं छोटं मशीन ठेवू, सतत चालू. सगळ्या फायली त्यात. दोन्ही खोल्यांतून वायरने वापरायच्या." नवऱ्याला कधीकधी सुचतं.

११ मार्च
एका जागी बसवत नाही. प्रबंध द्यायचाय आणि मी मशीन बघत हिंडतेय! विजयला नवाकोरा पेंटियम हवा. म्हटलं, आपला इन्व्हर्टर एवढासा, त्यावर हा बकासुर? शेवटी जुनं ४८६ मशीन घेतलं. वीज कमी खातं, पण पंखा घरघरतो.

१४ मार्च
आंघोळीहून येते तर मशीन बंद! लाईट गेली की आमच्या सासूबाई घरभर फिरून एकूण एक बटण बंद करतात. इन्व्हर्टरवरची सुद्धा. फाईल उघडीच होती, दुसऱ्या प्रकरणाचा शेवट गेला. तडकलेच मी.
आई शांत. "लाईट येती ती दनक्यात येती बाई. फ्रीज जळला तवा कोन रडलं हुतं?"
मीच रडले होते. म्हणून जास्तच राग आला.

१६ मार्च
बटणावर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये'. दुपारी परत बंद.
"वाचली की मी. चिठ्ठी बघून लाईट सावकाश येती व्हय?"
विजय हसला. दोन दिवस बोलणार नाही त्याच्याशी.

२० मार्च
बोलावं लागलं. पडदा फुटलेला जुना लॅपटॉप आणलाय त्याने. पंखा नाही, आवाज नाही, वीज नावापुरती, आणि बॅटरी पोटातच! आईंशी भांडणारं मशीन नकोच होतं, त्यांची सवय सोसणारं हवं होतं. हे आधी का नाही सुचलं? पण बॅटरी जुनी. दम किती, विजयलाही माहीत नाही.

२३ मार्च
तिसरं प्रकरण पुन्हा लिहून झालं. लॅपटॉपवर चढवलं. फ्लॉपीत घेतलं नाही, फ्लॉपीचं तोंड बघायचं नाही मला. म्हणजे प्रत ही एकच.
अकराला लाईट गेली. आई निघाल्या. स्वयंपाकघर, हॉल, मग इथे. हात बटणावर नेला आणि थांबल्या. "हे पन करू का?"
पहिल्यांदाच विचारलं. नाही म्हणता आलं असतं.
"करा."
खट्. लॅपटॉपचा हिरवा दिवा तसाच.
"लई हट्टी हाय गं," म्हणाल्या, आणि सुपात शेंगा घेऊन सोलत तिथेच बसल्या. मी पण समोर बसले. काही सुचेना म्हणून हे लिहितेय.
लाईट अजून आलेली नाही. मधेच आई मान वर करून बघतात, मग माझ्याकडे बघतात. दिवा हिरवाच आहे.