न घेतलेलं नाव

प्रिय जिपार,

फोनवर हे बोलता येत नाही, तुझी आई शेजारीच बसलेली असते. तशी बरी आहे. जेवते, घोडीचं दूध घुसळते, मला टाकून बोलते.

परवा तिला बिश्केकला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी मेंदूतही असतात. या विसरण्याच्या आजारात त्या साचलेला गाळ साफ करता करता चवताळतात, चांगल्या भागालाही चावतात, आतून दाह होतो. मी म्हणालो, "म्हणजे राखणीचा कुत्रा मेंढ्यांवरच उलटला." त्या हसल्या, "आजोबा, माझ्यापेक्षा तुम्हीच बरं सांगता." त्या पेशींना शांत करणारं नवं औषध त्या तपासून बघताहेत. पण ते आजार कोवळा असेल त्यालाच. फार पुढे गेलेल्याची राखण थंडावली, तर साध्या न्यूमोनियानंही माणूस जायचा.

मग आजार कितपत पुढे गेलाय ते ठरवायला प्रश्न सुरू झाले. वार विचारला तर आई म्हणाली, "तुमच्या भिंतीवर लिहिलाय की." नवऱ्याचं नाव विचारलं आणि गप्प. बाईंनी शून्य दिलं. त्या एका गुणानं ती औषधाला बाद! मी उसळलोच. "अहो, आमच्याकडच्या सुना नाव घेतात का? सासऱ्याचं नाव कोयचू, त्यात 'कोय' म्हणजे मेंढी आली, म्हणून ही आजही मेंढीला 'लोकरवाली' म्हणते." बाई ओशाळल्या. ती रीत म्हणून नाव घेत नाही, विसरलेली नाही, असं घरच्या दोघांनी गुरुवारपर्यंत लिहून द्यावं, मग तो प्रश्न वगळू, म्हणाल्या.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "इथं कोणी नाही. एकदा घे ना नाव." तिनं डोक्यावरचा रुमाल सावरला. "पाहुणे, घरधनी कुरणावर गेलेत. आले की त्यांनाच विचारा." आणि मला अर्धाच पेला चहा दिला, पाहुण्याला देतात तसा. घटकाभरानं मलाच ओरडली, "अहो जिपारचे बाबा, खोगीर उन्हात का टाकलंत?"

हे मी बाईंना कळवलेलं नाही. कागद लिहिलाय, सही केलेली नाही. सही केली आणि औषधानंच ती गेली तर? नाही केली, आणि तेवढाच एक रस्ता असला तर? माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, माझ्याच्यानं हे ठरत नाही. दुसरी सही तुझी लागेल. बुधवारी ओशहून ये. दारात आलीस की आधी काही बोलू नकोस. आई तुला काय म्हणून हाक मारते, ते ऐक. मग सही कर, नाहीतर कागद चुलीत टाक.

तुझाच, वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा