काळं झालेलं लोखंड

मी, दत्तोबा रामा लोहार, वय एकोणऐंशी, राहणार कळस, तालुका इंदापूर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दबावाने नव्हे तर स्वतःची लाज वाटून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. खोटा कागद मात्र एक केला आहे, तो पुढे येईल.

१. कळस येथील राहते घर मुलगा अविराज याला मिळावे. त्याने मला न विचारता माझ्या आजोबांचा भाता बारामतीच्या एका हॉटेलात भिंतीवर टांगायला दिला. त्याच भात्यावर कालवा बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या घोड्याचे नाल तापले होते. तरी घर त्याचेच. दुसऱ्या कोणाला देऊ?

२. ऐरण, घण, सांडशी यांचे काहीही करा, पण विजयसिंह यांच्या कृषी पर्यटन केंद्राला त्यातला खिळासुद्धा देऊ नये. तिथे मी चार वर्षे शाळेच्या सहलींना इंग्रजांच्या काळातले लोहारकाम दाखवले. शेजारी कल्हईवाला बसे. पोरांना मजा यायची, मलाही यायची, खोटे कशाला सांगू. विजयसिंह म्हणाले, खेळातून शिकवा. मी दाराची कडी घडवता घडवता सिग्नलसारखा खेळ काढला: लोखंड लाल असले की थांबा, काळे झाले की चला.

लाली गेली तरी लोखंड भाजते, हे लोहाराच्या घरातले रांगते पोरही जाणते. म्हणून ते सांगावे लागते, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

३. कन्हेरीच्या भिमाची मुलगी संस्कृती तिसरीत असताना अशाच सहलीला आली होती. कडी लाल होती तोवर ती थांबली. काळी झाल्यावर तिने ती उजव्या मुठीत धरली. दवाखान्यात नेताना जीपमध्ये मला म्हणाली, "आबा, मी काळं हुईस्तवर थांबले व्हते." संध्याकाळी विजयसिंहांनी कागद आणला, 'मुलीने सूचना पाळली नाही.' मी सही केली. केंद्र बंद पडेल ही त्यांना भीती, आणि पुन्हा ओट्यावर रिकामे बसावे लागेल ही मला.

जखम भरली, पण बोटे उघडत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो, तर भिमानेच माझी माफी मागितली, पोरीपायी तुम्हाला ताप झाला म्हणून. पोरीने डाव्या हाताने चहा दिला आणि खाली बघत म्हणाली, "मी ऐकत न्हाय ना, म्हणून झालं."

४. बँकेतली सगळी ठेव तिच्या हाताच्या शस्त्रक्रियेसाठी वापरावी. अविराजने आडवे येऊ नये.

५. पुढील मजकूर तिच्या वर्गासमोर वाचावा: संस्कृतीने सूचना पाळली होती. सूचनाच चुकीची होती. ती मी दिली होती.

वकील म्हणतात, मृत्युपत्रातले काही माणूस मेल्याशिवाय अमलात येत नाही. डॉक्टर मला अजून दोन वर्षे देतात. तेवढी वर्षे पोरीने स्वतःलाच दोष देत का काढावीत? कलम पाच त्यात बसत नसेल तर खोडावे. उद्या सोमवार, शाळा आहे. ते वाचायला मीच जातो.

सही: दत्तोबा रामा लोहार (त्या कागदावर केली तीच)

साक्षीदार: १. रणजित मोहनराव खारतोडे, कळस
२. स्वप्नाली युवराज गवळी, कळस

ठिकाण: कळस
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५