चढाला बंद न पडणारा कॅम

आप्पा, ज्या हाताला शतांश मिलिमीटरची खोट नुसत्या बोटाच्या टोकानं कळायची, तो हात आईवर उठताना कुठलं माप विसरायचा? तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी याचं उत्तर मला आलेलं नाही. आपल्या घरातली पहिली पदवी मी मिळवली, तुमच्या शेडमधलं ग्राइंडिंग मशीन आता मी चालवते, तरीही नाही. मध्ये काही महिने मात्र मला उत्तर सापडलं असं वाटत होतं. त्या भरवशावर मी एका गाडीत कॅम बसवला. त्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायचंय.

स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ मला अजून दिसते. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही शहाबादी फरशीवर पोतं अंथरून नुकताच घासून आणलेला कॅमशाफ्ट ठेवलाय आणि मला समजावून सांगताय. लांब दांडा, त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की एकेक उंचवटा इंजिनचा एकेक व्हॉल्व्ह ढकलून उघडतो. उंचवटा मोठा असेल तर व्हॉल्व्ह जास्त उघडतो, इंजिन जास्त श्वास घेतं, गाडी जास्त पळते. मी म्हणाले, मग सगळ्यांनाच मोठा करून द्यायचा की. तुम्ही हसत माझ्या डोक्यात टपली मारलीत. "आधी इचारायचं, गाडीच्या हौद्यात काय घालतोस आणि रोज कुठला चढ चढतोस. शर्यतीचा कॅम इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत पळतोय, खालच्या फेऱ्यांत मरतोय." मला ते इतकं आवडलं की मी ते मनात दोनदा म्हटलं. तेवढ्यात आई म्हणाली, पोतं जरा सरकवा, ताटं मांडते. एवढंच म्हणाली. तुम्ही कॅम उचलला आणि फेकलात. तो तिच्या मनगटावर बसला, तिथून फरशीवर आदळला आणि काचेसारखे त्याचे दोन तुकडे झाले. ओतीव लोखंड कडक असतं, ते वाकत नाही, तुटतं. आई भिंतीला टेकून खाली बसली. तुम्ही आधी तुकडे उचललेत, एकमेकांना लावून पाहिलेत आणि म्हणालात, चार दिवसांचं काम हिच्या पायी गेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लाकडी पेटीतला मायक्रोमीटर बक्षीस दिलात. आई हळद लावलेला हात गळ्यात बांधून चूल पेटवत होती आणि मी तिच्या शेजारी बसून माझे केस किती जाड आहेत ते मोजत होते. मी खूश होते, आप्पा.

त्यानंतर आईनं तुमच्या मारण्याची कारणं एकेक करून काढून टाकली. तुमची पावलं वाजली की तवा तापलेला असायचा. चपला ओळीत, रेडिओ बंद, मी पुस्तकात. तरी तुम्हाला नवं कारण सापडायचं. कधी भाकरी जास्तच गरम, कधी घर इतकं गप्प का. हे मी रोज बघत होते, आणि शिकले काहीच नाही.

गेल्या हिवाळ्यात शाहूवाडीकडचं एक जोडपं शेडवर आलं. गाडी म्हणजे जुन्या जीपला मागं हौदा जोडून केलेली पिकअप, इंजिन पेट्रोलचं. नवरा तिशीचा, बोलायला मोकळा. त्याला जत्रेतल्या शर्यतीतला कॅम हवा होता. "म्याडम, असा बसवा की गाडी नुसती उभी असली तरी पलीकडच्या गल्लीत म्हातारी उठून बसली पाहिजे." मी तुमचा प्रश्न विचारला, हौद्यात काय असतं. तो म्हणाला, दुधाचे कॅन, पण त्यास्नी कॅममधलं काय कळतंय. मलाही हसू आलं. मग तो चहा सांगायला कोपऱ्यावर गेला आणि इतका वेळ गाडीजवळ उभी असलेली त्याची बायको माझ्याजवळ आली. तिच्या हनुवटीखाली जुना, पिवळा पडत चाललेला डाग होता. ती म्हणाली, "ताई, सकाळची फेरी मी करतो. वाड्यावाड्यांतनं दूध गोळा करून खाली केंद्रावर. भरल्या गाडीला चढ सोसत न्हाय, बंद पडती. बंद पडली की दूध नासतंय, आणि दूध नासलं की मी मार खातो. तुम्ही चढाला बंद न पडणारा बसवा."

तिच्या या बोलण्यावर मी आठ दिवस काम केलं. नवऱ्याला हवा असलेला कॅम बसवला असता तर मोकळ्या सडकेवर गाडी सुसाट गेली असती, पण भरल्या हौद्यानं दुसऱ्या गिअरमध्ये वळणावर जीव सोडला असता. म्हणून उंचवट्याची उंची मूळ मापापेक्षा जराशीच वाढवली, आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो तो काळ उलट थोडा कमी केला, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांतच ओढ धरेल. नवऱ्याला सांगितलं, हाच शर्यतीचा. आवाजासाठी सायलेन्सर बदला म्हटलं, त्यावरच तो खूश झाला. खोटं बोलले, पण मला त्याचं काही वाटलं नाही. कॅन पाण्यानं भरून आम्ही जोतिबाच्या चढाला गेलो. ती चालवत होती, मी शेजारी. निम्म्या चढावर मी तिला गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा उचलायला सांगितली. गाडी एकदाही न कचरता वर निघाली. ती स्टिअरिंगवर हात आपटून हसली, आणि मला वाटलं, एका बाईचा मार मी मशीनवर घासून काढला. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं, बिघाडाचं कारण शोधा, कारण काढा, बिघाड जातो.

तीन महिन्यांनी ती एकटीच गाडी घेऊन शेडवर आली. मागचे कॅन तसेच भरलेले होते. डावा कान पदरानं दाबून धरला होता आणि पदर लाल झाला होता. मी पहिलं काय विचारलं असेल? गाडी बंद पडली का, असं विचारलं. ती म्हणाली, "न्हाय ताई. एकदाबी न्हाय पडली." मग सावकाश सांगू लागली. चढ लवकर सरतो म्हणून ती केंद्रावर अर्धा तास आधी पोचायला लागली होती. नवऱ्याच्या ते अलीकडंच ध्यानात आलं. चार दिवस तो घड्याळाकडं बघत राहिला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, कुणाला भेटायला एवढी पळवत जातीस. आठवडाभर ती मुद्दाम वळणावर थांबून वेळ काढत राहिली, तर वाटेत कुणाशी बोलत उभी होतीस म्हणून मार बसला. मी उभी होते ती जागा मला आठवते, मशीन थंड ठेवणारं पाणी गळून पायाखाली साचलं होतं. नवं कारण मीच घासून दिलं होतं, मापात.

नवरा मोटारसायकलवरून मागोमाग आला. त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं बॉनेटवर आपटलं. एकदा, परत एकदा. पत्र्याचा तो आवाज फार मोठा नव्हता. माझ्या हाताला मोठा पाना लागला. मी त्याच्या कोपरावर मारला, हाड मोडल्याचं मला पान्याच्या दांड्यातून कळलं, वेणी सुटली. तो गुडघ्यावर आला, दुसऱ्या हातानं कोपर धरून स्वतःच्या आईच्या नावानं ओरडायला लागला. मग मी त्याच्या खांद्यावर मारला. पाना तिसऱ्यांदा वर होता तेव्हा डबा घेऊन आलेली आपली आई शेडच्या दारातून म्हणाली, "बास आता." ती तुम्हाला म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, आणि म्हणताना एक पाऊल मागं सरकली. आप्पा, ती मला घाबरली होती.

त्या बाईची तक्रार त्याच दिवशी नोंदवली गेली. दवाखान्यात तिच्या कानाचा पडदा फाटल्याचं लिहून मिळालं, भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. माझ्या जबाबाला मला दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावलं. तोवर गल्लीतले सगळे कारखानदार शेडमध्ये जमले होते. शेजारचे वेल्डिंगवाले काका म्हणाले, पोरी, तो पाण्यावरनं पाय घसरून पडला, आम्ही सगळे साक्षीला हाय. पुण्याच्या कंपनीतल्या नोकरीसाठी मी भरलेला अर्ज कपाटावर ठेवला होता, आई त्याच्याकडं बघत राहिली. त्या अर्जात गुन्ह्याबद्दलचा एक रकाना आहे. त्या बाईनंही फोनवर सांगितलं, ताई, माझ्यापायी तुमचं नुकसान नको. मोहात पडावं इतकं ते सोपं होतं. पण आई दवाखान्यात दर वेळी हेच सांगायची, न्हाणीत पाय घसरला म्हणून. आपल्या घरातला प्रत्येक मार कागदावर पाय घसरून पडलाय. तुम्ही काय केलंत ते कुठंच लिहिलेलं नाही, त्याचा जाब आज विचारायला तुम्हीही नाही, आणि हे पत्र टाकायलाही पत्ता नाही.

ठाण्यात मी सगळं सांगितलं. कॅमबद्दल नवऱ्याशी खोटं बोलले तेही सांगितलं, हवालदार म्हणाले त्याचा इथं संबंध नाही, तरी लिहायला लावलं. पहिला फटका तिची वेणी सुटावी म्हणून मारला. दुसऱ्याची गरज नव्हती, तो मी मला बरं वाटत होतं म्हणून मारला. या वाक्यावर हवालदारांनी कागदावरून पेन उचललं, मला दोनदा विचारलं, हे राहू द्यायचं का, उद्या तो तुमच्यावर उलटा दावा लावेल. मी म्हणाले, राहू द्या. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. मी तो पहिल्यापासून वाचला आणि खाली सही केली.