माझ्या मातीला मुलाने येऊ नये

मी, कोंडीराम भीमा वैरागर, बाप्तिस्म्याचे नाव याकोब, धंदा दोर वळणे, राहणार मौजे तांबेवाडी, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला छातीची अट नसते असे ऐकून आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही की गोड बोलून फशी पाडलेले नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी पाठ ठोकून पाहिली आणि औषध न देताच घरी पाठवले. त्यावरून जे समजायचे ते मी समजलो.

हा कागद सरकारात नोंदवायचा नाही. माझा दोस्त गोरक्ष सोनवणे, भिंगारच्या छावणीतून पेन्शन घेऊन आलेला, याने माझ्या माघारी हा कागद माझी बहीण बायडाबाई हिला वाचून दाखवावा, लिहिल्याप्रमाणे करावे आणि मग कागद चुलीत घालावा. गोरक्षला जुने कागद जपून ठेवायची खोड आहे. गोरक्षा, हा ठेवू नकोस, तुला माझी शपथ आहे.

मला एक मुलगा आहे. त्याचे नाव मी कुठेही लिहिणार नाही.

कलम पहिले, घर. मांगवाड्यातील माझे दोन खणांचे घर आणि मागची बोळ बायडाबाईला द्यावी. तिच्या माघारी ते तिच्या मुलाला जाईल. बायडाबाईला पोटचे मूल झाले नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, पण शाळेच्या दाखल्यात तिला एक मुलगा आहे. तो माझा. घर त्याला मिळावे म्हणून हा वळसा घेतला आहे. सरळ वाटेने बापाचे घर मुलाला देण्याची सोय मला राहिलेली नाही.

कलम दुसरे, हत्यारे. दोर वळायची फिरकी, घायपाताचा वाख ठेचायचे मोगर आणि शिल्लक राहिलेला वाख राहीबाईला द्यावा. मांगवाड्यात तिच्याइतका घट्ट पीळ कुणाच्या हातात नाही. तिचा दीर म्हणेल, बाईमाणसाला फिरकी कशाला? त्याला सांगा, तू वळलेला कासरा माझ्याच बैलाने तोडला होता. बाकी आता बाजारात नायलॉनचे दोर आले आहेत. राहीबाईला या फिरकीवर पोट भरता येईल असे मला वाटत नाही. पण दुसरे काही देण्यासारखे नाही.

कलम तिसरे, भाऊसाहेबांसाठी. भाऊसाहेब आमच्या ख्रिस्ती देवळाचे पंच. त्यांचे वाडवडील महारवाड्यातून आले, आम्ही मांगवाड्यातून. देवाच्या घरी सगळे सारखे असे ते रविवारी फार सुरेख सांगतात. प्रभुभोजनाचा प्याला मात्र आधी पुढच्या रांगांत फिरतो, मग दाराजवळ आमच्याकडे येतो, आणि आमच्याकडून परत जाताना त्याची कड फडक्याने पुसली जाते. ते फडके भाऊसाहेबांच्या खांद्यावर असते. दाराजवळची, चपलांशेजारची माझी जागा मी भाऊसाहेबांना देत आहे. एक रविवार तिथे बसून पाहावे. वारा चांगला लागतो.

माझ्या मुलाच्या नोकरीविरुद्ध गेलेला निनावी अर्ज त्यांनीच केला असे मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. त्यांच्या पोराला ती नोकरी मिळाली नाही आणि माझ्याला मिळाली, एवढे मात्र खरे.

कलम चौथे. येथे वाटण्यासारखे काही नाही, पण गोरक्षच्या एका प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. ते तोंडी द्यायला गेलो की आमचे भांडण होते, म्हणून लिहून देतो. गोरक्षने छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली. तेव्हापासून तो मला डिवचतो, “कोंडिबा, मरीआईला सोडलं ते बेस केलं. पन गोऱ्या सायबाचा देव कशापायी धरला? आपल्या रंगाचा कुनी गावला न्हाई व्हय तुला?” बायडाबाई दुसऱ्या बाजूने ओढते. ती म्हणते, “आपली काळी आई टाकून परक्याच्या बापाला बाप म्हनतोस, लाज न्हाई वाटत?”

तर ऐका दोघेही. आमचा बाप भीमा पोतराज होता. कमरेला घुंगरू, पाठीपर्यंत केस, हातात आसूड. दारोदार स्वतःच्या अंगावर फटके ओढायचे आणि सुपातले पसाभर घ्यायचे. ज्या मरीआईसाठी रक्त काढायचे तिच्या पायरीला हात लावायचा नाही, कारण आम्ही मांग. मी थोरला, म्हणून माझेही केस वाढवलेले होते. बापानंतर आसूड माझा, हे मी जन्मायच्या आधीच ठरलेले.

पटकीची साथ आली. गावाने रिवाजाप्रमाणे मरीआईचा गाडा केला. लाकडी गाड्यात देवी, लिंबाचा पाला, हळदकुंकू, आणि साऱ्या गावाची रोगराई. तो गाडा पोतराजाने ओढत शिवेपार न्यायचा. तिथून पुढच्या गावच्या पोतराजाने तो पुढे न्यायचा. बापाने आम्हा सगळ्यांना बरोबर घेतले आणि गाडा शिवेवर नेला. पुढच्या गावचे लोक काठ्या घेऊन उभे होते. “आमच्या गावात पटकी आनू नको,” म्हणाले आणि दगड घातले. आम्ही मागे फिरलो तर आमच्या गावचे लोक उभे. रोगराई परत आणता येत नाही हा नियम. भर उन्हात, दोन गावांच्या मधल्या माळावर, आम्ही आणि देवी. पाणी एका मडक्यात, तेही तळाला. धाकटी भागू आईच्या मांडीवर तिथेच गेली. तिला तिथेच पुरले. बाप देवीपुढे फटके मारून घेत राहिला. देवी काही बोलली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून सांगतो.

तेवढ्यात एक माणूस पायवाटेने आला. डोक्याला फेटा, बगलेत पोथी. बाप ओरडला, “मास्तर, मागं सरा, आमी मांग हाय, आन् हा पटकीचा गाडा हाय!” तो म्हणाला, “मला तहान लागलीय.” आणि बसला. आमच्या मडक्यातले पाणी त्याने आमच्याच गाडग्यात घेतले आणि प्याला. तोंड लावून.

गोरक्षा, तो माणूस गोरा नव्हता. तव्याच्या बुडासारखा काळा, नेवाशाकडचा मिशनचा मास्तर होता. गोरा साहेब मी पुढे कितीतरी वर्षांनी पाहिला आणि मला तो काही विशेष वाटला नाही. तारण, पाप, स्वर्ग हे मला नंतर शिकवले, त्यातले निम्मे अजून कळलेले नाही. मी त्या पाणी पिणाऱ्याच्या मागे गेलो. तो माणूस बुद्धाचे नाव घेत आला असता तर मी बुद्धाकडे गेलो असतो. छप्पन साली तुम्ही बोलावलेत तेव्हा मी म्हातारा होऊ लागलो होतो आणि माझी बायको मनकर्णा म्हणाली, “आता पुन्यांदा देव बदलायचा म्हंजी बिऱ्हाड हलवल्यागत हाय.” तिथेच राहिलो.

बायडे, तुझे म्हणणे असे की आई ती आई. असेल. पण त्या आईने आम्हाला माळावर ठेवले. आणि या बापाने तरी काय केले? त्याच्या घरात मी दारापर्यंतच पोचलो. हल्ली मी त्याला काही मागत नाही. सवय म्हणून डोळे मिटतो.

कलम पाचवे, मुलाविषयी. गोऱ्या साहेबाचे राज्य गेल्यावर आपल्या सरकारने नियम केला. मांगाला फी माफ, नोकरीत जागा. पण मांग ख्रिस्ती झाला की तो मांग उरत नाही, म्हणून त्याला काही नाही. विहिरीवर हा नियम कुणाला ठाऊक नव्हता, तिथे आम्ही पक्के मांगच होतो. मुलाला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मनकर्णाने आणि मी त्याला बेलापूरला बायडाबाईकडे पोचवले. तिच्या नवऱ्याचे नाव बाप म्हणून लागले. धर्म हिंदू, जात मांग. पोराला शिकवावे लागले की आता ही आई आणि तिकडची ती मामी, आणि हा मामा. लेकरू हुशार. मनकर्णाला ‘मामी’ म्हणताना एकदासुद्धा चुकले नाही. त्या दिवशी ती चुलीपाशी बसून रडली, धुराचे निमित्त करून.

तो शिकला. राखीव जागेवर सरकारी कचेरीत लागला. मग गेल्या साली, दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता मनकर्णा गेली. तो भाचा म्हणून मातीला आला. भाच्यासारखा मागे उभा राहिला, सगळे नीट चालले होते. पेटी खाली सोडली आणि हा गडी धावत आला, खड्ड्यात उतरला आणि “आई गं” म्हणून त्याने जो हंबरडा फोडला तो वेशीपर्यंत गेला. मामीला कुणी असे रडत नाही. साऱ्यांनी ऐकले. पुढच्याच महिन्यात अर्ज गेला, की हा इसम ख्रिस्ती आई-बापाचा असून खोटी जात लावून नोकरीत आहे. चौकशी अजून चालू आहे. अर्ज खरा ठरला तर नोकरी जाईल, वर खटला होईल. त्याला बायको आहे, कडेवर लेकरू आहे.

म्हणून बापाचा आसूड, घुंगरू आणि मरीआईचा लाकडी देव्हारा, जे आजवर बायडाबाईने माळ्यावर सांभाळले, ते मी माझ्या मुलाला देत आहे. थोरल्याचा हक्क म्हणून ते माझे होते. माझ्या वंशात कुणी तो आसूड धरू नये म्हणून मी आईची शिवी खाल्ली, भाऊकीचा बहिष्कार खाल्ला. आता तो आसूड पोराने घराच्या दर्शनी भिंतीवर टांगावा. देव्हाऱ्याला रोज हळदकुंकू वाहावे, शिळे दिसता कामा नये. चौकशीचा माणूस आला की त्याला आधी तेच दिसले पाहिजे. जळो मेले ते सगळे. पण टांग, बाबा.

माझे पवित्र शास्त्र त्याला देऊ नये. त्याच्या घरात ते सापडता कामा नये. ते माझ्याबरोबर पुरावे.

कलम सहावे आणि शेवटचे, माझी माती. मला दफनभूमीत आमच्या लोकांच्या कोपऱ्यात, मनकर्णाशेजारी ठेवावे. पहिली मूठ गोरक्षने टाकावी. बौद्धाने ख्रिस्त्याला माती दिली तर चालते का, हे कुणाला विचारत बसू नये.

मुलाने येऊ नये. मागच्या महिन्यात तो येऊन भांडून गेला. म्हणाला, “बाबा, नोकरी गेली खड्ड्यात, मी येनारच.” मी म्हणालो, भाचा म्हणून उभे राहणे तुला जमणार नाही, तुझ्या आईच्या वेळी साऱ्या गावाने पाहिले. तो म्हणाला, “या वक्ताला जमंल.” जमणार नाही, आणि जमावे असे मला वाटतही नाही. बापाच्या मातीला कोरड्या डोळ्यांनी उभे राहायला शिकलेला मुलगा मला नको. त्यापेक्षा येऊ नकोस. मला तू हवा आहेस. डोळे मिटताना, खाली सोडताना, सगळ्या वेळी हवा आहेस. तरीही येऊ नकोस.

निरोप पोचेल त्या दिवशी त्याने रजा काढू नये. कचेरीत वेळेवर जावे. कोणी विचारलेच तर मामा वारले असे सांगावे, आणि चहा आला तर प्यावा.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे, खाडाखोड माझीच आहे, आणि यात बदल करण्याइतके दिवस माझ्याकडे नाहीत.

सही: कोंडीराम भीमा वैरागर

साक्षीदार:
१. गोरक्ष तुकाराम सोनवणे (सही)
२. राहीबाई भ्रतार कानिफनाथ सकट (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम तांबेवाडी, तालुका कर्जत
झावळ्यांचा रविवार, १५ एप्रिल १९७३