डावखुऱ्या कानशीची फ्रेम

रविवार, ८ जून

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा उभ्यानेच मानून घे. आम्ही सगळे मजेत. तुझ्या भावजयीने दुकानातल्या प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली आहे, त्यामुळे मला आता काहीच सापडत नाही.

बाबांबद्दल तू कधी विचारत नाहीस, तरी मी दर पत्रात लिहितो, तसं आजही लिहितो. एक्क्याऐंशीव्या वर्षी ठणठणीत आहेत. नजर अधू झाली, जिभेची धार शाबूत आहे. आणि आधीच सांगून टाकतो, या पत्रात मी तुला इकडे बोलावणार आहे. माझ्याकडे नव्हे, त्यांच्याकडे. लगेच घडी घालून ठेवू नकोस. निदान दातांच्या डॉक्टरांपर्यंत तरी वाच.

तर हे दातांचे डॉक्टर. माणूस सोन्यासारखा, पण जुन्या सायकलींचं भयंकर वेड. मार्चमध्ये एक फ्रेम खांद्यावर टाकून आले. वर काळा रंग, भिंतीला फासावा तसा ब्रशने फासलेला. "हिची कुळी सांगा," म्हणाले. तुला ठाऊक आहे, या बाबतीत आपली कॉलर ताठ असते. लोक लांबलांबून पोलादाचे सांगाडे घेऊन येतात आणि मी नळीवर टिचकी मारून, जोडांवरचे लग बघून (तू त्यांना नळ्यांच्या टोप्या म्हणायचीस), कुणी बांधली, साधारण कधी बांधली ते सांगतो. नखाएवढा रंग खरवडला. काळ्याखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली पिवळा. मग एका लगचं टोक साफ केलं, तर कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताने कानस चालवणारा फ्रेमवाला मी जन्मात एकच पाहिलाय, आपले बाबा.

हो ताई, तुझीच. गळ्यात हात अडकवलेला असताना तू मिळेल त्या गिऱ्हाइकाला विकून टाकलीस, तीच.

आणि मी काय केलं असेल? डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, "परदेशी आहे. छोटा कारखाना होता, कधीच बंद पडला." धंद्यातली माझी पहिली थाप. मग डागडुजीच्या नावाखाली फ्रेम ठेवून घेतली आणि माळ्यावर नेऊन ठेवली, बाबांच्या हाताला लागू नये म्हणून. का, ते सांगतो. जरा दम खाऊ दे.

डॉक्टरांचा आनंद गगनात मावेना. खुर्चीत आ वासून बसलेल्या प्रत्येक पेशंटला त्यांनी ती कथा ऐकवली, बिचारे उलट बोलणार कसे! मग जुन्या सायकलींचे दोन निवृत्त जाणकार पुस्तकं घेऊन कामाला लागले. मी नुसता थापेत उभा केलेला तो कारखाना त्यांनी दोन महिन्यांत शोधून काढला, तोही दोघांनी वेगवेगळा. त्यावरून त्यांचं बोलणं बंद झालं. शेवटी डॉक्टर दोघांना निवाड्यासाठी माझ्याकडेच घेऊन आले. फ्रेम माळ्यावरून खाली काढणं भाग पडलं. आणि बाबा नेमके स्टुलावर बसलेले.

"इकडे आणा," म्हणाले. लगवरून अंगठा फिरवला. "परदेशी कसली डोंबलाची! ही माझी आहे."

अंगठा तिरक्या नळीवर आला, पुढच्या जोडाच्या जरा मागे थांबला.

"इथे पुट्टी भरलीय. खाली सुरकुती असणार." मग माझ्याकडे तोंड वळवलं. "सांग रे यांना, नळीला इथे सुरकुती कशाने पडते?"

मी वर्गात उभं केल्यासारखा उत्तरलो, "सायकल समोरून आदळल्याने."

"बांधण्यातल्या चुकीने पडते का?"

"नाही."

ताई, तीन आठवडे हे पत्र टाळतोय, आता लिहितो. तुझ्या निवड-शर्यतीच्या आदल्या दिवशी, तू मैत्रिणीकडे गेली होतीस तेव्हा, मी ती सायकल काढली. शाळेमागच्या उतारावर हात सोडून चालवत होतो. भिंतीवर गेलो. बारा वर्षांचं कार्टं, पण फ्रेमवाल्याचं. सगळे आधी पुढचं चाक धरणारा चिमटा बघतात हे मला माहीत होतं. म्हणून तो व्हाइसच्या जबड्यात धरून, पाइप घालून सरळ केला. नळीवरची सुरकुती पुट्टीने भरली, घासली, तुझ्याच डब्यातला पिवळा रंग लावला आणि इस्त्रीच्या उबेवर वाळवला. मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं गं. दुसऱ्या दिवशी उतारावर तुझं पुढचं चाक थरथरायला लागलं, तू पडलीस, गळ्याजवळचं हाड मोडलं, निवड गेली.

हॉस्पिटलात तू सगळ्यांसमोर बाबांना म्हणालीस, "मुलीची सायकल, म्हणून कशीतरी बांधलीत." मी पलंगाच्या पायथ्याशी तुझे बूट हातात घेऊन उभा होतो. तोंड उघडलं नाही. महिन्याभरात बाबांनी 'फ्रेम बांधून मिळेल' हा फलक उतरवला आणि नुसती दुरुस्ती करायला लागले. तू शिकायला गेलीस ती गेलीसच. आईच्या आजारपणात आलीस तेव्हाही त्यांच्याशी "औषध दिलंत का" एवढंच बोललीस. हे सगळं माझ्यामुळे झालं.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"त्याच संध्याकाळी. सायकल घरी आणली, हात फिरवला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढंसं पोर, ती अंथरुणावर. म्हटलं, आठवड्यात आपणहून सांगेल. मग म्हटलं, दहावी झाल्यावर सांगेल. मग लग्न झाल्यावर. मग म्हटलं, जाऊ दे." आणि वर म्हणाले, "पण एकतीस वर्षं पुट्टी टिकली हो! काम बेस केलं होतंस."

आणि हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. मी जमिनीवर बसून ढसाढसा रडत होतो आणि तेही हसत हसत डोळे पुसत होते. तुझी भावजय चहा घेऊन आली ती दारातच थबकली. तिला वाटलं, दोघांनाही लागलं कसलं वेड.

डॉक्टर रागावतील म्हणून मी धास्तावलो होतो. छे! "बांधणारा जिवंत आहे आणि समोर बसलाय?" म्हणत त्यांनी बाबांबरोबर सहा फोटो काढून घेतले. तुझ्यासाठी मी ती फ्रेम परत मागून पाहिली. "अहो, दात मागा, सायकल मागू नका," म्हणाले. त्या दोन जाणकारांचं मात्र अजून जुळलेलं नाही.

आम्ही ती तिरकी नळी बदलली. बाबांचा हात थरथरतो, तेव्हा पितळ वितळवायची ज्योत माझ्या हातात आणि शिव्या त्यांच्या तोंडात. तेव्हापासून गडी पेटलाय. टेबलावर नव्या नळ्या मांडून बसतात आणि सुनेला विचारतात, "तिची उंची अजून तेवढीच असेल का गं?" तुझं माप पत्राने मागवतो म्हटलं, तर माझ्यावर खेकसले. समोर उभं करून माप घेतल्याशिवाय ते नळी कापत नाहीत. आणि तुला बोलावणार तेही नाहीत, हट्टी आहेत. म्हणून मी बोलावतोय.

गुडघ्यांची सबब सांगू नकोस. सायकल नको असेल तर घेऊ नकोस. पण ये. तुझे ते शब्द त्यांनी एकतीस वर्षं माझ्याऐवजी ऐकून घेतलेत. त्यांच्याजवळ दोन घटका बस, मग खाली दुकानात येऊन मला काय बोलायचं ते बोल. माझ्या मुलांसमोर बोललीस तरी चालेल, त्यांना मी सांगून ठेवलंय.

आणखी एक. नळी बदलण्याआधी मी त्या फ्रेमच्या मागच्या भागाला दोरा लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते मोजलं, तीनदा मोजलं. एवढी आपटी खाऊन, एवढ्या लोकांनी वापरूनही तो केसभर सरकलेला नाही. माझ्या हातून शेकड्यांनी फ्रेम गेल्या. इतकी सरळ फ्रेम बाबांनीही दुसऱ्या कुणासाठी बांधली नाही गं.

तुझी शर्यत मोडणारा आणि गप्प बसलेला,
तुझा धाकटा भाऊ